सल्ला नको, पोरापाशी दोन तास बसा

दिव्यांग मुलांच्या आई-बापांनी टेन्शन कसं कमी करावं यावर मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ फिरत असतात. पहाटे उठा, प्राणायाम करा, डायरी लिहा, स्वतःसाठी वेळ काढा. आमच्या ताईला असलाच एक व्हिडिओ कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकला तर ती मला फोन करून म्हणते, "वेळ काढा म्हणतोय तो, कुठनं काढू ते पण विचार की त्याला."

म्हणून हे पोस्ट आई-बापांसाठी नाहीच. त्यांना सांगणारे बक्कळ आहेत. हे मावश्या, आत्या, काका, मामा, शेजारणी, दाजींचे मित्र अशा सगळ्यांसाठी आहे, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना वाईट वाटतंय पण नेमकं काय करायचं ते कळत नाही आणि मग आपण "देव बघतोय गं सगळं" म्हणून चहा पिऊन घरी येतो.

ताई बेळगावाजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात दिलेली. दाजी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, शिफ्टची नोकरी. भाचा अकरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हातापायांवर नीट ताबा राहत नाही, मधनंमधनं फिट येते. धाकटी भाची तिसरीत. सासूबाई मायाळू आहेत पण गुडघे गेलेत, पोराला उचलणं त्यांच्याच्यानं होत नाही. मी बेळगावात अनगोळला असते, एका दुकानात हिशेबाचं काम बघते, सुट्टी रविवारी.

इतकी वर्षं जवळून बघून माझं एक मत पक्कं झालंय. ताईला थकवतं ते पोरगं नाही. पोरगं हसरं आहे, टीव्हीवर क्रिकेट लागलं की हात आपटून ओरडतंय, आजीवर चिडतंय, सगळ्या पोरांसारखंच. थकवतं ते त्याच्या भोवतीचं. रात्री दोन-तीनदा कूस बदलायला उठायचं, औषधाची वेळ चुकवायची नाही, एकेक जेवण तासभर चालतं, बस गाठायची, ऑफिसात लाइनीत थांबायचं, आणि ह्या सगळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलेल्या "अजून चालत नाही होय?" ला उत्तर द्यायचं. ह्यातलं एकेक काम दुसऱ्या कुणी उचललं तर तेवढं ओझं खरोखर कमी होतंय. उचलायला मात्र ते काम यावं लागतंय, नुसती माया असून चालत नाही.

आता भरवणंच घ्या. लोकांना वाटतं त्यात काय शिकायचं, पेज तर पाजायची. पण आमच्या पोराला आडवं झोपवून पाजलं किंवा मान मागं टाकून तोंडात ओतलं तर ते घशातनं फुफ्फुसात जाऊ शकतंय, मग खोकला, कफ, न्यूमोनिया, अ‍ॅडमिट. थेरपिस्टनं ताईला शिकवलं आणि ताईनं मला. त्याला सरळ बसवायचं, हनुवटी किंचित छातीकडं, आपण त्याच्यासमोर खाली बसायचं म्हणजे त्याला वर बघावं लागत नाही. चमचा लहान आणि चपटा, अर्धाच भरायचा. पातळ पाण्यासारखं काही नको, त्याचाच ठसका जास्त लागतो, पेज चमच्यावरनं हळूहळू घसरेल इतपत घट्ट. एक घास, मग घशाकडं बघत थांबायचं, गिळलं हे दिसलं की दुसरा. घाई केली की तोंड घट्ट मिटून घेतंय पठ्ठ्या. झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. (हे आमच्या पोराचं झालं, तुमच्या घरच्या मुलाला काय चालतं ते त्याच्या थेरपिस्टला विचारूनच करा.) मला हे जमायला लागल्यावर ताई पहिल्यांदा काय केली असेल तर अंगणात जाऊन गरम भाकरी खाल्ली. गार झालेलं जेवायची इतकी सवय झालेली की तोंड भाजलं तिचं, आणि त्याचंच हसू येत होतं तिला.

दुसरी गोष्ट खुर्ची. हे जरा सविस्तर सांगते कारण ह्या एका वस्तूनं त्या घरात जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या भाषणानं पडला नसता. भाच्याला आधाराशिवाय बसता येत नाही, एका बाजूला कलंडतो, त्यामुळं दिवसभर एकतर अंथरुणात नाहीतर ताईच्या मांडीवर. म्हणजे ताईचे दोन्ही हात कायम अडकलेले आणि पाठ कामातनं गेलेली. थेरपी सेंटरात एक कोपरा-खुर्ची असते, दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या, त्यामुळं खांदे मागं न जाता पुढं राहतात, मधे दोन मांड्यांत एक लाकडी ठोकळा म्हणजे पाय कैचीसारखे एकावर एक चढत नाहीत, समोर अर्धगोल कापलेला ट्रे. तिथल्या मॅडमनी माप घेऊन कागदावर चित्र काढून दिलं. गावातल्या सुतारमामांनी फणसाच्या लाकडात ती बनवली, कडा घासून गोल केल्या, आतनं जुन्या गादीचा स्पंज आणि वरनं रेक्झिन. मजुरी घेतली पण लाकडाचे पैसे घेतले नाहीत. आता पोरगं चुलीपाशी बसून आईची भाकरी बघतंय, ट्रेवर पीठ सांडून त्यात हात फिरवतंय. ताईचे हात मोकळे. कुणाला मदत करायची असेल आणि सुतारकाम येत असेल तर ह्यापेक्षा मोठी मदत मला तरी सुचत नाही. सरकारची एडिप योजना पण आहे, साहित्यासाठी कॅम्प लागतात, तिथं व्हीलचेअर, सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची) मिळू शकते, पण माप पोराचं घेतलेलं पाहिजे, नाहीतर ती माळ्यावर जाते.

फिट. ह्याला लोक घाबरतात आणि म्हणूनच पोरापाशी थांबायला कुणी तयार होत नाही, तर हे शिकूनच घ्या. फिट आली की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याजवळचं बटण सैल, आणि घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही म्हणजे काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. चप्पल, कांदा हुंगवायचं तर आपल्याकडं अजून चालू आहे, त्यानं काहीही होत नाही, उगी वेळ जातो. पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी काढायची. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठं ठेवलाय आणि कधी मारायचा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, आमच्यात तो फ्रिजवरच्या डब्यात असतो आणि भाचीला पण माहीत आहे. फिटच्या गोळ्या मनानं कधी बंद करायच्या नाहीत.

हे बंद करायचं आठवलं कारण "बाहेरचं" बघणारे. "डॉक्टरचं झालं, आता जरा बाहेरचं बघून घ्या" म्हणणारं माणूस प्रत्येक गावात असतंय. सौंदत्तीला जाऊन या, गाऱ्हाणं घाला, अमक्या वारी तमक्याकडं जावा. मी ह्यात भांडत नाही. ताईला डोंगरावर जाऊन यल्लम्मापुढं रडून हलकं वाटत असेल तर मी तिच्याबरोबर जाते, हळद-कुंकू पण लावून घेते. पण "हा अंगारा चालू असेपर्यंत गोळ्या थांबवा" म्हणणारा भेटला की तिथं मात्र मी तोंड उघडते. आणि "मागच्या जन्माचं काहीतरी असंल" हे वाक्य तर ज्यानं काढलं त्याला एक रात्र त्या घरात जागायला ठेवलं पाहिजे.

बसचं सांगते. 2023 च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसला तिकीट नाही, आधार दाखवलं की कंडक्टर झिरो तिकीट फाडतो. ताईसारख्या बायकांना हा खरंच आधार झालाय, पूर्वी थेरपीला जायचं म्हणजे आधी पैशाचा हिशेब. पण बस इतक्या भरतात की अकरा वर्षांचं पोरगं कडेवर घेऊन खानापूर ते बेळगाव उभ्यानं, आणि पावसाळ्यात तर आमच्या त्या भागात विचारायला नको, जांबोटी-कणकुंबीकडं लागला म्हणजे आठवडा आठवडा उघडत नाही. दिव्यांगांचा वर्षाचा सवलतीचा पास मिळतो, राहत्या गावापासून 100 किलोमीटरपर्यंत चालतो, तो काढून ठेवा. आणि नातेवाईकात कुणाची चारचाकी असेल तर "काय लागलं तर सांग" असं म्हणू नका. ती सांगणार नाही. "दर दुसऱ्या गुरुवारी मी येणार" असं सांगा आणि या. ठरलेला गुरुवार ही केवढी मोठी गोष्ट आहे ते ज्याला बस गाठायची असते त्यालाच कळतं.

आता कागद. आपल्या सीमाभागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, दाजी मराठी शाळेत शिकलेले, बोलायला कन्नड फाडफाड पण फॉर्म कन्नडमधनं भरायचा म्हटलं की हात थांबतो. एका ऑफिसात त्यांचा अर्ज दोनदा परत आला, एकदा नाव मराठीत एक आणि आधारवर दुसरं म्हणून. प्रत्येक खेपेला एक पाळी बुडाली. शेवटी आमच्या शेजारच्या पोरानं, इंजिनिअरिंगला आहे, एका दुपारी बसून सगळं भरून दिलं. तर कन्नड लिहायला येणाऱ्या पोरा-पोरींनो, हे तुमचं काम. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच होते, त्यामुळं ऑटिझम वगैरे असलेल्यांना पण आता सर्टिफिकेट मिळतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ऑनलाइन अर्ज करून निघतं आणि ते देशभर चालतं, म्हणजे उद्या कोल्हापूर-मिरजेला दाखवायला नेलं तरी तेच. पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तहसीलच्या खालच्या महसूल ऑफिसात. ग्रामपंचायतीला दिव्यांगांसाठी नेमलेला एक पुनर्वसन कार्यकर्ता असतो, व्हीआरडब्ल्यू म्हणतात, बहुतेक वेळा तो स्वतःच दिव्यांग असतो, त्याला गाठा, त्याला आतल्या सगळ्या वाटा माहीत असतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्च पण ठराविक मर्यादेत बसतो. पगारदार असाल आणि जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर घरच्या दिव्यांग माणसासाठीची वजावट बघा, 80 डीडी नावानं ओळखतात, 75 हजारांची, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख. शाळेत जाणं शक्यच नसेल तर घरी शिकवायची सोय कायद्यात आहे, त्यासाठी तालुक्याच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात विचारा.

भाषेचा घोळ आमच्या भाच्याला नाही, तो बोलतच नाही, पण थेरपीला वडगावची एक बाई येते तिच्या मुलाला ऑटिझम आहे. घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नड, शाळा कन्नड, यूट्यूब हिंदी. कुणीतरी तिला सांगितलं पोरगं गोंधळलंय, एकच भाषा ठेवा, आणि तीही शाळेची. तर ही बाई स्वतःच्या पोराशी मोडक्या कन्नडमधे बोलायला लागली, अंगाई म्हणणं बंद, रागावणं बंद, लाडानं काही म्हणायचं तर शब्दच नाही. दोन्हीकडनं टेन्शन. नंतरच्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं की दोन भाषा ऐकल्यानं ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचं बोलणं मागं पडतं असं अभ्यासात दिसलेलं नाही, तुम्हाला जी मनापासून येते तीच बोला. ती बाई तिथं बाकड्यावर बसून रडली. मला विचाराल तर बेळगावात मुलाशी कुठल्या भाषेत बोलायचं ह्याचं राजकारण मोठ्या माणसांनी करावं, असल्या पोरांच्या डोक्यावर ते टाकू नये.

ते बाकडं पण महत्त्वाचं आहे बरं का. पोरं आत थेरपीला आणि आया बाहेर बाकड्यावर. तिथं कुणी कुणाला "धीर धर" म्हणत नाही. डायपर कुठल्या दुकानात स्वस्त, बद्धकोष्ठाला काय देता, सासू काय म्हणाली, कुठले डॉक्टर नीट बोलतात. ताई घरात वर्षभरात बोलत नसेल तेवढं तिथं तासाभरात बोलते. जागतिक आरोग्य संघटनेचा अशा पालकांसाठी एक ट्रेनिंग प्रोग्राम आहे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, नऊ वेळा गटात बसायचं आणि तीन वेळा घरी भेट, आणि त्यात पोराशी कसं खेळायचं ह्याच्याबरोबर आई-बापानं स्वतःला कसं सांभाळायचं हे पण घेतलंय. गटात बसवण्यामागचं कारण त्या बाकड्यावर बघितलं की कळतं. देशभरातल्या पालकांच्या संघटनांचा 'परिवार' नावाचा महासंघ पण आहे, बेळगावासारख्या ठिकाणी पाच-सहा घरं मिळून महिन्यातनं एकदा बसली तरी सुरुवात होते, देवळाचा सभामंडप चालतोय त्याला.

दाजींबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. बायका रडतात तरी, दाजी ओव्हरटाइम करतात. घरी आले की गप्प. लोक म्हणतात त्याला काय पडलेली नाही. पडलेली नसती तर रात्रपाळी करून आल्यावर पोराला आंघोळ घालायला थांबला नसता माणूस. त्यांचा एक फाउंड्रीतला मित्र आहे, तो दर रविवारी गाडीवर येतो, दाजींना घेऊन नदीकडं जातो, मासे मिळोत न मिळोत. पोराबद्दल एक शब्द बोलत नसतील दोघं. पण आल्यावर दाजींचा चेहरा वेगळा असतो. घरात असा बाप असेल तर त्याला "तू खंबीर राहायला पाहिजेस" सांगण्यापेक्षा गळ हातात द्या.

आणि धाकटीला विसरू नका. तिला सगळे "शहाणी आहे हो आमची" म्हणतात, पण तिला शहाणं राहण्यावाचून दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. मी जाते तेव्हा कधी भाच्यापाशी बसते आणि ताईला सांगते, जा, हिला एकटीला घेऊन खानापूरच्या बाजाराला जा, रिबिनी घे, भजी खा, आणि भावाचं नाव काढू नको. पहिल्यांदा ताई निम्म्या वाटेतनं फोन करायची, "खाल्लं का त्यानं? मी येतो परत." आता करत नाही.

एक गोष्ट मात्र माया-बियाच्या पलीकडची आहे. दोन आठवड्यांच्या वर माणूस गप्पगप्प असेल, झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, किंवा "आम्ही दोघं मिळून एकदाच गेलो तर सगळे सुटतील" असलं काही बोललं तर ते बोलण्यावारी नेऊ नका. "असं बोलू नये" म्हणून गप्प बसवू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका. टेलि-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं. जिल्हा हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, आणि कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका हॉस्पिटलातही मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात, आपल्या तालुक्यात कुठल्या मंगळवारी ते चौकशी करून घ्या. तिथं गेलं म्हणजे वेड लागलं असं नाही, बीपी वाढलं की गोळी घेतो तसंच हे.

ताईला सगळ्यात जास्त खातो तो प्रश्न रात्रीचा आहे, आमच्यानंतर काय. ह्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. पण थोडं कागदावर आणता येतंय. मूल 18 चं झालं की आई-बाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मगाशी म्हटलं त्या चार प्रकारच्या मुलांसाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, डीसी साहेब म्हणजे जिल्हाधिकारी तिचे प्रमुख, ती कायदेशीर पालक नेमून देते. भाच्याला अजून सात वर्षं आहेत, तरी मी आणि ताई-दाजी एकदा बसून बोललो. पुढं पालक म्हणून माझं नाव घाला असं मी सांगितलं. आमच्या ह्यांना आधी विचारलं होतं, ते म्हणाले विचारतीयस काय, घाल की. दाजी काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्याकडं गेले. ताईनं एक वही केलीय, त्यात औषधं, डोस, डॉक्टर, त्याला काय आवडतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, कसलं रडणं भुकेचं आणि कसलं पोटदुखीचं, सगळं लिहितीय. अक्षर गिचमिड आहे पण मी वाचू शकते.

आता गणपती तोंडावर आलेत. घरात पाहुणे वीस-पंचवीस, मोदक, आरत्या, गल्लीत डॉल्बी, फटाके, ज्या पोरांना आवाज सोसत नाही त्यांचे हाल आणि त्यांच्या आयांचे दुप्पट. डॉल्बीवर मी बोलून काय उपयोग नाही, पण कान झाकणारे मोठे हेडफोन मिळतात, एक घेऊन ठेवलाय. आणि फॅमिली ग्रुपवर ह्या वेळी मी व्हिडिओ न टाकता एक यादी टाकलीय, चतुर्थीपासून गौरी जाईपर्यंत कोण कुठल्या वेळी पोरापाशी बसणार. सकाळची आरती मामांनी घेतलीय, दुपारचं भरवणं माझ्याकडं, ऋषिपंचमीची संध्याकाळ अजून रिकामी आहे. निपाणीच्या आत्यांनी मेसेज बघितलाय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. उद्या फोनच करते त्यांना.